समाचाराला आलेले मित्र आणि ईयोबाचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी एका ख्रिस्ती घरी समाचाराला गेलो होतो. बावीस वर्षांचा एकुलता एक मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. आई भिंतीला टेकून बसली होती. येणारा प्रत्येक जण दोन वाक्यं बोलून उठत होता. देवाची इच्छा, देवाला त्याची गरज होती, प्रार्थनेत राहा. एक वडीलधारे गृहस्थ तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, ‘‘ताई, ईयोबासारखा धीर धरा.’’ तिने मान वर केली आणि शांतपणे विचारलं, ‘‘दादा, ईयोबाने धीर कुठे धरला होता?’’

ती बाई वर्षानुवर्षं संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवत आलेली. तिने ईयोबाचं पुस्तक वाचलं होतं. धीराचा सल्ला देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पहिले दोन अध्याय ऐकले होते, एवढंच. निरपराध माणसाला दुःख का, आणि देव न्यायी असेल तर तो हे कसं होऊ देतो, हा ख्रिस्ती धर्मचिंतनातला सगळ्यांत अवघड प्रश्न. तो बायबलमध्ये सगळ्यांत उघडपणे ज्या पुस्तकात विचारला आहे, त्याचं वाचन दोन हजार वर्षं कसं होत आलं हे पाहिलं, की त्या बाईचा प्रश्न किती नेमका होता ते कळतं.

पुस्तक ४२ अध्यायांचं. पहिले दोन अध्याय आणि शेवटच्या अकरा ओळी गद्यात, मधला जवळजवळ सगळा भाग पद्यात. गद्यातला ईयोब सगळं गमावूनही देवाचं नाव धन्य म्हणतो. पद्यातला ईयोब तिसऱ्या अध्यायात तोंड उघडतो ते आपल्या जन्मदिवसाला शाप देण्यासाठी. पुढे तो देवाला न्यायालयात खेचायची भाषा करतो, माझ्यावर नजर ठेवून का आहेस म्हणून विचारतो, गिळायलाही उसंत देत नाहीस म्हणून तक्रार करतो. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात ईयोबाच्या सहनशीलतेचा गौरव आहे, आणि तोच मंडळीच्या मनात ठसला. म्हणजे पुस्तक एक आणि ईयोब दोन. अन्वयार्थाची अडचण इथूनच सुरू होते.

कथा थोडक्यात अशी. ऊस देशातला ईयोब सात्त्विक आणि सरळ माणूस. सात मुलगे, तीन मुली, ७,००० मेंढरं, ३,००० उंट. स्वर्गातल्या दरबारात ‘सैतान’ देवाला विचारतो, की हा तुझं भय धरतो ते काय फुकट? मूळ हिब्रूत या शब्दाला निश्चयवाचक उपपद जोडलेलं आहे. म्हणजे ते नाव नाही, हुद्दा आहे. दरबारातला आरोप ठेवणारा, फिर्यादी. नंतरच्या काळातला देवाचा कट्टर वैरी इथे अजून उभा राहिलेला नाही. हा फिर्यादी दुसऱ्या अध्यायानंतर पुन्हा दिसतसुद्धा नाही. त्यामुळे ‘हे सगळं सैतानाने केलं’ एवढ्यावर प्रश्न मिटत नाही. ईयोबाची मुलं आणि धनदौलत हिरावून घेण्याची परवानगी देवाने दिलेली आहे, आणि पुस्तक ते लपवत नाही.

मराठी वाचकाला इथे सत्त्वपरीक्षेच्या कथा आठवतात. हरिश्चंद्राची, श्रियाळ-चांगुणेची. पण एक फरक मला फार मोठा वाटतो. चांगुणेचा चिलया बाळ परत येतो, तोच, हाक मारताच धावत. हरिश्चंद्राचा रोहिदास उठून बसतो. ईयोबाची दहा मुलं परत येत नाहीत. शेवटी त्याला मेंढरं दुप्पट मिळतात, उंट दुप्पट मिळतात आणि मुलं पुन्हा सात आणि तीन. जुन्या भाष्यकारांपैकी काहींनी हिशेब जुळवला: गेलेली मुलं देवापाशी जिवंतच आहेत, म्हणून तीही दुप्पटच झाली. श्रद्धेचा हिशेब म्हणून मी तो समजू शकतो. पण पुस्तकात तो लिहिलेला नाही.

आता मित्र. अलीफज, बिल्दद आणि सोफर लांबून येतात आणि ईयोबाशेजारी सात दिवस, सात रात्री जमिनीवर बसून राहतात. कुणी चकार शब्द बोलत नाही. मग ईयोब बोलतो, आणि त्यांना राहवत नाही. त्यांचं सूत्र एकच: देव न्यायी आहे, तू दुःखात आहेस, तेव्हा काहीतरी केलं असशील. आपल्याकडे ‘मागच्या जन्मीचं’ म्हणतात, इथे मागचा जन्म नाही, म्हणून याच जन्मातलं पाप शोधायचं. बिल्दद तर मेलेल्या मुलांनीच अपराध केला असेल असं बापाच्या तोंडावर म्हणतो. बाविसाव्या अध्यायात अलीफज ईयोबाने न केलेल्या पापांची यादी वाचतो: उघड्यांचे कपडे हिसकावलेस, तहानलेल्याला पाणी दिलं नाहीस, विधवांना रिकाम्या हाती पाठवलंस. सिद्धान्त वाचवण्यासाठी माणसावर खोटा आरोप ठेवला जातो, तो क्षण इथे डोळ्यांसमोर घडतो.

आणि मित्रांची वाक्यं वाईट नाहीत, हीच खरी पंचाईत. ती सुटी काढली तर स्तोत्रसंहितेत किंवा नीतिसूत्रांत सहज बसतील. अनुवाद या पुस्तकात आज्ञा पाळणाऱ्याला आशीर्वाद आणि मोडणाऱ्याला शाप असं स्पष्ट सांगितलं आहे. मित्र तेच सांगत आहेत. म्हणजे ईयोबाच्या पुस्तकात बायबलचा एक आवाज दुसऱ्या आवाजाशी भांडतो. ‘बायबल काय म्हणतं?’ असं विचारून एकच उत्तर मागणाऱ्याला हे पुस्तक ते देत नाही. निकाल शेवटच्या अध्यायात लागतो. देव अलीफजाला म्हणतो, की तुम्ही माझ्याविषयी योग्य बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला तसे. देवाची बाजू घेणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला. माझ्या मते या पुस्तकाच्या कुठल्याही वाचनाची कसोटी हे वाक्य आहे. भाष्यकार कितीही थोर असो, त्याचं वाचन या निकालाशी जुळत नसेल तर ते मला मान्य होत नाही.

निकालाआधी वावटळीतून देवाचं भाषण होतं, अडतीस ते एकेचाळीस अध्यायांत, आणि त्यात ईयोबाच्या प्रश्नाचं उत्तर नाही. पापाचा उल्लेख नाही, स्वर्गातल्या पैजेचा नाही, मुलांचा नाही. रानबकरी कधी विते, रानगाढवाला मोकळं कुणी सोडलं, शहामृग, घोडा, गरुड, मग बहेमोथ आणि लिव्याथान. जिथे माणूस राहत नाही अशा ओसाड जागीही पाऊस कोण पाडतो, असं देव विचारतो. काही अभ्यासकांना ही निव्वळ दमदाटी वाटते. काहींना त्यात माणूस केंद्रस्थानी नसलेल्या सृष्टीचं दर्शन घडतं. मला दुसरा अर्थ जवळचा वाटतो, पण पहिला वाटणाऱ्याला अश्रद्ध म्हणायला मी तयार नाही. शिवाय देव बोलला, ईयोबाला टाळलं नाही, हेही आहेच.

आता थोडं शब्दांजवळ जाऊ, कारण धर्मशास्त्रातले मोठे वाद बऱ्याचदा एखाद्या अक्षरावर उभे असतात. ईयोबाची हिब्रू अवघड आहे. एकदाच आढळणाऱ्या शब्दांची रेलचेल आहे, आणि चोविसाव्या अध्यायापासून पुढे भाषणांचा क्रम विस्कटलेला दिसतो. बिल्ददाचं तिसरं भाषण सहा ओळींत संपतं, सोफराचं तिसरं सापडतच नाही. दुसऱ्या अध्यायात ईयोबाची बायको त्याला देवाला शाप देऊन मर म्हणते, असं आपण वाचतो. मूळ लिखाणात तिथे ‘शाप’ हा शब्द नाही, ‘आशीर्वाद’ हा शब्द आहे. देवाच्या नावापुढे शाप लिहायला लेखणी धजली नाही, म्हणून उलटा शब्द लिहून वाचकावर भिस्त ठेवली, असा सर्वसाधारण समज आहे.

त्याहून मोठी गाठ तेराव्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात आहे. हिब्रूत ‘लो’ हा उच्चार दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका लेखनात अर्थ ‘नाही’, दुसऱ्यात ‘त्याच्यासाठी’ किंवा ‘त्याच्यावर’. परंपरेने जपलेल्या संहितेत लिहिलेलं आहे ‘नाही’, आणि समासातली सूचना सांगते की वाचताना ‘त्याच्यावर’ असं वाचा. लिहिलेलं धरलं तर ईयोब म्हणतो, तो मला मारणार, मला आशा उरलेली नाही. समासातलं धरलं तर म्हणतो, त्याने मारलं तरी माझी आशा त्याच्यावरच. एका अक्षराने निराशेचा उद्गार श्रद्धेचा होतो. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथातल्या रब्बींनाही हे ठाऊक होतं. वचन दोन्हीकडे झुकतं असं त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं. इंग्रजी किंग जेम्स भाषांतराने १६११ मध्ये श्रद्धेचा अर्थ घेतला आणि तोच जगभर दुमदुमला. ईयोब ज्या सुरात ते वाक्य बोलतो आहे तो पाहता मला लिहिलेला अर्थच खरा वाटतो. पण ज्या पिढ्या दुसऱ्या अर्थाच्या आधारावर जगल्या, त्यांचा आधार खोटा होता असं म्हणायची माझी छाती नाही.

एकोणिसाव्या अध्यायातला ‘गोएल’ असाच. रूथच्या कथेतला बवाज ज्या नात्याने पुढे येतो ते हे नातं. भाऊबंदाची गेलेली जमीन सोडवणारा, रक्ताचा जाब मागणारा जवळचा आप्त. ईयोब म्हणतो, माझा असा कुणी आहे. तो कोण? देवच, की देवाविरुद्ध उभा राहणारा साक्षी? ओळी इतक्या खराब अवस्थेत आल्या आहेत की खात्रीने सांगता येत नाही. जेरोमने चौथ्या शतकाच्या शेवटी लॅटिन भाषांतर करताना तिथे ईयोबाच्या स्वतःच्या पुनरुत्थानाचा अर्थ आणला. १७४१ मध्ये हँडलने ‘मसीहा’त याच ओळींना सूर दिले, आणि ख्रिस्ती कानांना तो ‘गोएल’ म्हणजे येशूच झाला. ही भक्तीची भर आहे. ती सुंदर आहे, पण भर आहे हे माहीत असावं.

आणि ईयोबाचे शेवटचे शब्द, बेचाळिसावा अध्याय, सहावं वचन. आपण वाचतो की ईयोब स्वतःचा धिक्कार करतो आणि धुळीत, राखेत बसून पश्चात्ताप करतो. मूळ क्रियापदाला कर्मच नाही. कशाचा धिक्कार, ते सांगितलेलं नाही. ‘स्वतःचा’ हा शब्द भाषांतरकारांनी पुरवला. दुसरं क्रियापद पश्चात्तापाचंही होऊ शकतं आणि सांत्वन पावण्याचंही. ‘धूळ आणि राख’ ही जोडी उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहाम सदोमासाठी देवाशी घासाघीस करतो तिथे येते, मर्त्य माणूस या अर्थाने. त्यामुळे आज या एका ओळीचे अनेक अर्थ मांडले जातात: मी चुकलो, मी फिर्याद मागे घेतो, माणसाच्या मर्त्यपणाबद्दल माझं समाधान झालं. एडवर्ड ग्रीनस्टाइन यांनी २०१९ च्या आपल्या भाषांतरात तर ईयोब शेवटपर्यंत झुकत नाही असाच अर्थ लावला. ज्या वाक्यावर ‘ईयोब शेवटी शरण गेला’ ही सगळी शिकवण उभी आहे, त्याची ही स्थिती.

भाष्यांचा इतिहास पाहिला तर ईयोबाला गप्प बसवण्याची धडपड फार जुनी आहे. ग्रीक सप्तती भाषांतर हिब्रूपेक्षा सुमारे एक षष्ठांशाने लहान आहे आणि ईयोबाची धार तिथे बरीच बोथट होते. पण त्याच भाषांतराने बायकोला मात्र मोठं भाषण दिलं: माझ्या पोटच्या कळा वाया गेल्या, दारोदार कामासाठी भटकते आहे. कुणा अनामिक भाषांतरकाराला आठवलं की दहा मुलं तिचीही होती. सहाव्या शतकात थोर ग्रेगरीने पस्तीस खंडांचं भाष्य लिहिलं. त्याला स्वतःला पोटाचं जुनाट दुखणं होतं, आणि दुखणाईताचं दुखणाईताने सांगावं याचं त्याला मोल वाटलं. ते वाचताना त्याच्याबद्दल जिव्हाळा वाटतो. पण त्याच्या रूपकात ईयोब म्हणजे ख्रिस्त आणि मंडळी, तिघे मित्र म्हणजे पाखंडी. रूपक एकदा पसरलं की राखेतला माणूस दिसेनासा होतो. बाराव्या शतकातल्या यहुदी मैमोनिदीसने अचूक बोट ठेवलं: पुस्तक ईयोबाला नीतिमान म्हणतं, ज्ञानी म्हणत नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने शब्दार्थाला धरून भाष्य केलं आणि वाद हा वाद म्हणूनच वाचला. कॅल्व्हिनने १५५४-५५ मध्ये जिनीव्हात ईयोबावर १५९ प्रवचनं दिली. त्याचं निरीक्षण असं, की ईयोबाची बाजू खरी पण मांडणी वाईट, मित्रांची बाजू खोटी पण मांडणी चांगली. इतकं स्पष्ट दिसूनही त्याचा कल, मागाहून येऊन सहा अध्याय बोलणाऱ्या अलीहूकडे गेला. देव निकाल देताना अलीहूचं नावही घेत नाही.

‘थिओडिसी’, म्हणजे देवाच्या न्यायाचं समर्थन, हा शब्द लायब्नित्सने १७१० मध्ये घडवला. देवाने शक्य त्या जगांतलं सर्वोत्तम जग निवडलं, हा त्याचा युक्तिवाद. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाला, सकाळी चर्च भरलेली असताना लिस्बन भूकंपाने हादरलं. मग समुद्र आत आला, मग आग. त्यानंतर ते वाक्य पूर्वीच्या आत्मविश्वासाने उच्चारणं अवघड झालं. कान्टने १७९१ च्या निबंधात सगळ्या तात्त्विक समर्थनांचं अपयश मांडलं आणि ईयोबाकडे वळला. त्याच्या मते मित्र असे बोलतात जणू देव आडून ऐकतो आहे आणि त्याची मर्जी राखायची आहे. ईयोब मात्र जे वाटतं तेच बोलतो. या प्रश्नावर तत्त्वज्ञाने लिहिलेलं याहून चांगलं मी वाचलेलं नाही.

विसाव्या शतकात नाझी छळछावण्यांनंतर प्रश्न आणखी उग्र झाला. जॉन हिक यांनी १९६६ मध्ये प्राचीन ख्रिस्ती धर्मचिंतक इरेनीयसचा धागा पकडून जग ही आत्म्याच्या जडणघडणीची शाळा आहे असं मांडलं. ॲल्विन प्लँटिंगा यांनी १९७४ मध्ये इच्छास्वातंत्र्याचा युक्तिवाद तर्काने काटेकोर केला. तर्क म्हणून दोन्ही भक्कम आहेत. पण कर्करोगाच्या वॉर्डातल्या चार वर्षांच्या मुलाची कसली जडणघडण, आणि त्यात कुणाचं इच्छास्वातंत्र्य? ज्यांचा स्वतःचा मुलगा चौदाव्या वर्षी दुर्मीळ आजाराने गेला त्या रब्बी हॅरल्ड कुश्नर यांनी १९८१ मध्ये सरळ सांगितलं, की देव सर्वशक्तिमान, देव न्यायी आणि ईयोब निर्दोष ही तिन्ही विधानं एकदम टिकत नाहीत. त्यांनी पहिलं सोडलं. युर्गेन मोल्टमान यांनी १९७२ मध्ये देवाला क्रुसावरच, दुःखाच्या आत, पाहिलं. आणि पेरूचे गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी १९८६ मध्ये एक गोष्ट दाखवली जी बहुतेकांच्या नजरेतून सुटली होती. चोविसाव्या अध्यायात ईयोब स्वतःचं रडणं थांबवून गरिबांकडे पाहतो: थंडीत उघडे झोपणारे, दुसऱ्याची द्राक्षं तुडवताना स्वतः तहानलेले. ‘मलाच का’ हा प्रश्न ‘यांना का’ असा होतो. आपल्या फडांवर आणि बागांत हे दृश्य शोधायला लांब जावं लागत नाही.

नव्या कराराने उत्तर दिलं का? नाही, पण मित्रांचं सूत्र तिथे नाकारलेलं आहे. जन्मांध माणूस पाहून शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, याने की आईबापांनी? येशू दोन्ही नाकारतो. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती इतरांपेक्षा अधिक अपराधी नव्हती, असंही तो सांगतो. आणि स्वतः मरताना तो देवाने आपल्याला का टाकलं असं विचारतो. ईयोबाचीच भाषा. तरीही आमच्या मंडळ्यांत आजारी माणसाला ‘कुठलं पाप कबूल करायचं राहिलं आहे का बघा’ असं सांगणारे आहेत. हे ऐकलं की मला संताप येतो.

महाराष्ट्रात ईयोबाचा विषय निघाला की मला केडगाव आठवतं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईलाही कळावं म्हणून. छपाईचं काम तिथल्याच मुक्ती मिशनमधल्या बायकांच्या हातून झालं. ही बाई कोण होती? दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई. संपूर्ण बायबल छापून झालं १९२४ मध्ये. ईयोबाचं पुस्तक मराठीत आणताना त्यांच्या मनात काय चाललं असेल ते माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. पण ज्यांनी ते लिहिलं त्यांनी स्वतःची माणसं गमावली होती, एवढं खरं.

त्या दिवशी त्या घरात, बाईच्या प्रश्नानंतर कुणी बोललं नाही. ते वडीलधारे गृहस्थही उठले नाहीत, बसून राहिले. थोड्या वेळाने तिनेच मुलाबद्दल बोलायला सुरुवात केली.

वाचकांना एक विनंती. घरात मराठी बायबल असेल तर ईयोब, अध्याय १३, वचन १५ काढा. भाषांतरकाराने ‘आशा नाही’ घेतलं आहे की ‘आशा त्याच्यावर’, ते पाहा. खाली दुसरा अर्थ देणारी तळटीप आहे का, तेही पाहा. नसेल तर पेन्सिलीने समासात लिहून ठेवा. पुढच्या वेळी समाचाराला जाताना ते पान आधी वाचून जा.